बॉनेटची बिजागरी

पक्षाघाताने आमच्या यजमानांचा उजवा हात लुळा पडला. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी अंगणात भिरकावला. "मी का लेकरू आहो?" तेव्हा मी दिग्रसच्या जब्बार मिस्त्रीला बोलावून आमच्या जुन्या ट्रकची हातभर प्रतिकृती करण्यास फर्मावले. "बॉनेट उघडले पाहिजे. नाहीतर आणू नकोस."

त्याने आणली. बॉनेटला पितळी बिजागरी, तिला बारीकसा स्क्रू. यजमान दिवसभर ते बॉनेट उघडत आणि मिटत. जन्मभराच्या सवयीने, उजव्याच हाताने. पण बिजागरी फार घट्ट. दर शुक्रवारी त्याचे गॅरेज बंद असले की जब्बार ती सैल करायला येई आणि शनिवारी ती पुन्हा घट्टच असे.

"तीस वर्षे आमचा ट्रक सांभाळलास, आणि एवढीशी बिजागरी तुला जमेना?" मी दर खेपेस सुनावत असे.

"सबर करा थोडा, बाई. पुढच्या शुक्रवारी पाह्यतो ना मी," तो मान खाली घालून म्हणे.

काल तो पेचकस फिरवत असताना यजमानांनी चहाचा भरलेला कप उचलून त्याच्यापुढे धरला. उजव्या हाताने. थेंबही सांडला नाही. मी कपाकडे पाहिले, मग पेचकसाकडे. जब्बार स्क्रू सैल करत नव्हता, आवळत होता. इतके शुक्रवार तो आवळतच आला होता.

"जब्बार," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखा चढेना. "पुढच्या शुक्रवारी अजून अर्धा आटा आवळ. आणि आज जेवल्याशिवाय जायचे नाही."