आधी बेंजो

कुंभिवलीचा टेंपो विद्यापीठाच्या फाटकात अडवला तेव्हा पुढे आनंदीबाई आणि तिचा दीर हिरामण बसले होते, मागे सहदेवची सगळी बेंजो पार्टी. टपावर भोंगे बांधलेले. वॉचमनने विचारलं, लग्न कुणाचं.

"लग्नं गाढवांचीबी व्हतात," आनंदीबाई म्हणाली. "आमची नात आज डॉक्टर होते. पीएचडीची."

"झाली का?"

"वर बसलीय परीक्षेला. व्हईल."

हिरामणने तोंड फिरवलं. निकालाआधी वाजंत्री आणणारी बाई अख्ख्या खालापूर तालुक्यात एकच, असं तो चौक गावापासून बोलत आला होता. हर्षला नापास झाली तर हाच टेंपो भोंग्यांसकट गावातून परत न्यायचा होता, आणि कुंभिवलीत हायवेकडे तोंड नाही असं घर शोधून सापडायचं नाही.

तोंडी परीक्षा होती. कुणीही जाऊन ऐकावी अशी. पण हर्षलाने आजीला आत यायची बंदी केली होती. परीक्षकाने वाकडं विचारलं तर तू त्याचीच परीक्षा घेशील, म्हणाली होती. वॉचमनने टेंपो जांभळाखाली लावून दिला. वाजवायचं नाही, या बोलीवर.

पायरीवर एक सुकडा पोरगा एकटाच बसून घाम पुसत होता. एकटं बसलेलं माणूस आनंदीबाईला बघवत नाही. तिने विचारून घेतलं. नाव जितेश. त्याचीही आज परीक्षा होती आणि तो आत्ताच पास झाला होता. विषय वटवाघळं, अंधारात ती कशी ऐकतात ते. घरचं कोण आलंय म्हटल्यावर त्याने मान हलवली. वडील गावात सांगतात, पोरगा बँकेच्या परीक्षा देतोय.

आनंदीबाईने सहदेवकडे पाहिलं. "वाजवा रं."

"वयनी, बोली झालीय," हिरामण म्हणाला.

"त्यानं केली. मी कुठं केली?"

बेंजो सुरू झाला. जितेशने आधी मागे वळून पाहिलं, हे कुणासाठी म्हणून. मग हसला. मग वटवाघळाचा डॉक्टर चपला काढून नाचला.

आवाज ऐकून माणसं बाहेर यायला लागली. कुणाचा हात मातीने भरलेला, कुणाच्या खिशाला नळ्या. आनंदीबाई टेंपोच्या फाळक्यावर बसून एकेकाला विचारू लागली, तू काय शोधलंस. रिया नावाच्या पोरीने शेताशेतांत पडलेल्या जुन्या दगडांवर कोरलेले शाप वाचले होते. जमीन बळकावणाऱ्याला राजाने घातलेल्या शिव्या होत्या त्या. आनंदीबाई म्हणाली, माझ्याकडं यायचंस की, ताज्या मिळाल्या असत्या. तिच्यासाठी वाजलं. एका पिकल्या केसांच्या माणसाचं गाठींचं गणित होतं. वेगळ्या दिसणाऱ्या दोन गाठी मुळात एकच आहेत का, ते तो ओळखायचा. घरी अजून कुणाला पटलेलं नाही, म्हणाला.

"मलाबी नाय कळलं. वाजवा. कळून कुनाचं लगीन लागलंय?"

हिरामणसुद्धा हसला. तेवढ्यात जिन्यावरून शिपाई धावत आला. वर परीक्षा चालू आहे, बाहेरून आलेल्या परीक्षक बाई उठून खिडकीशी आल्या, स्वतःच्या हाताने खिडकी लावली.

"कुनाची परीक्षा?"

"हर्षला म्हणून कोण आहे, तिची."

सहदेवचा हात खाली आला. भोंगा एकदा किंचाळून गप्प झाला. आनंदीबाईने हिरामणकडे पाहिलं. तो टपावरच्या भोंग्यांकडे बघत होता, आणि ते बोलण्याहून लागलं. तिने पदराचं टोक दातात धरलं. त्या तोंडाला इतका वेळ गप्प बसलेलं कुंभिवलीत कुणी पाहिलं नव्हतं.

हर्षला खाली आली. चेहऱ्यावरून काही कळेना. आनंदीबाईने विचारलं नाही. धीरच झाला नाही.

"बंद का केलंत?" हर्षला म्हणाली.

मग तिने सांगितलं. तिचा विषय दयाळ पक्षी. शेलू गावामागच्या रानातला दयाळ खालच्या आवाजात गातो आणि कुंभिवलीत हायवेकाठचा तोच पक्षी ट्रकांच्या वर ऐकू जावं म्हणून आवाज चढवतो, हे तिने वर्षानुवर्षं कान लावून टिपलं होतं. असं का, हे बाईंनी विचारायला आणि खाली बेंजो सुरू व्हायला एकच गाठ पडली. खिडकी लावली तरी कुणाचं कुणाला ऐकू येईना. हर्षलाने आपोआप आवाज चढवला आणि सगळं उत्तर शेवटच्या बाकापर्यंत पोचवलं. एक शब्द हलला नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. इतकं खणखणीत बोलायला तुम्हाला शिकवलं कुणी, त्यांनी विचारलं.

"मग?"

"मग मी खिडकीकडं बोट दाखवलं."

"अगं, पन निकाल?"

"झाले, आजी. डॉक्टर झाले."

आनंदीबाईने नातीच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. हिरामण टेंपोत चढला आणि त्याने ताशा गळ्यात अडकवला. शिपाई अजून तिथेच उभा होता. आनंदीबाई त्याच्याकडे वळली.

"वर अजून कुनाची परीक्षा हाय?"

नाही, तो म्हणाला. हीच शेवटची.

"मग त्यांना खिडक्या उघडायला सांग."