गराफियातली मुदतपूर्व निवडणूक

शुक्रवारी सकाळी, पोह्यांची दुसरी ताटली हातात असतानाच पंतप्रधान राजाभाऊंनी संसद बरखास्त केली.

"असं अचानक?" अर्थमंत्री नयना गॅस बंद करत म्हणाली.

"मुदतपूर्व निवडणूक घेणं हा पंतप्रधानांचा अधिकार आहे," राजाभाऊ म्हणाले. "ओवी, संविधान वाच."

संविधान फ्रिजवर चिकटवलेलं होतं. 'स्वतःचा देश तयार करा' असा प्रोजेक्ट ओवीला शाळेत मिळाला आणि आखाती देशातल्या अल गराफा वस्तीत, त्यांच्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर गराफिया नावाचा देश जन्माला आला. लोकसंख्या पाच. बारा वर्षांची ओवी, तिचे आईबाबा नयना आणि धवल, नाशिकहून आलेले आजोबा राजाभाऊ, आणि खालच्या मजल्यावर एकटे राहणारे हमीदभाई. हमीदभाई मूळचे रत्नागिरीचे, पण शुक्रवारच्या पोह्यांना इतके नेमानं यायचे की त्यांना नागरिकत्व देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. प्रोजेक्ट केव्हाच संपला, देश मात्र चालूच राहिला.

निवडणुकीला कारणही तसंच होतं. राजाभाऊंच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. धवलला आज एकतर वाढीचा अर्ज भरायचा होता, नाहीतर मंगळवारच्या विमानाचं तिकीट काढायचं होतं. गेले चार दिवस बापलेकांचं एकच चालू होतं.

"बाबा, तुम्हाला काय हवंय?"

"तुमच्या सोयीचं असेल ते."

"आमच्या सोयीचा प्रश्नच नाही."

"मग माझ्या सोयीचा तरी कुठे आहे?"

दोघांचा स्वभाव अगदी एक. मनातलं तेवढं सोडून बाकी सगळं बोलतील. शेवटी राजाभाऊच कंटाळले आणि म्हणाले, जनतेलाच ठरवू द्या.

ओवीनं लगेच मुक्काम पक्ष काढला. आजोबा इथेच राहणार, हा एकच मुद्दा. तिच्या विरोधात उभं राहायला मात्र कोणी तयार होईना. धवल म्हणाला, बिनविरोधच होऊन जाऊ दे.

राजाभाऊ उखडले. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, अकरा निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून खेडोपाडी गेलेला. "बिनविरोध? लोकशाहीची थट्टा लावलीय का? मी उभा राहतो. नाशिक पक्ष!"

हमीदभाई निवडणूक आयुक्त झाले. "जुम्म्याच्या नमाजाआधी निकाल लागला पाहिजे," त्यांनी बजावलं. "यल्ला, चला, भाषणं करा."

ओवी खुर्चीवर चढली. "आजोबा राहिले तर आय विल स्पीक ओन्ली मराठी," ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. "खरंच. रोज. आणि कॅरममध्ये चीटिंग बंद."

हमीदभाईंनी टाळ्या वाजवल्या. मग आपण आयुक्त आहोत हे आठवून त्यांनी हात मागे घेतले.

राजाभाऊ उभे राहिले तेव्हा सगळे हसतच होते. नाशिकला गॅलरीत माझी खुर्ची आहे, ते म्हणाले. तिथून दूधवाला दिसतो. दूध पातळ आहे म्हणून त्याच्याशी रोज भांडता येतं. इथे दूध बाटलीत येतं, भांडायचं कुणाशी? तिथे माझे चार पेन्शनर मित्र आहेत. त्यांतले दोघं ठार बहिरे, तरी राजकारणावर तासभर वाद रंगतो. इथे पहाटे धवल कंपनीच्या बसनं रास लफानला कामावर जातो, नयना शाळेत शिकवायला, ओवी शाळेत शिकायला. मग दुपारी तीनपर्यंत मी आणि एसी. एसी चांगला आहे, पण फारसा बोलत नाही.

शेवटच्या वाक्याला कोणी हसलं नाही. नयनानं धवलकडे पाहिलं, धवलनं खिडकीकडे. त्याला फार वाईट वाटलं. आपण बाबांना प्रेमानं कोंडून ठेवलंय की काय, असं पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं.

मतदान वॉशिंग मशीनच्या आडोशाला झालं. मतपेटी म्हणून टिश्यूचा रिकामा खोका ठेवला होता. हमीदभाईंनी प्रत्येकाच्या डाव्या तर्जनीला मार्करची शाई लावली. एकच शब्द लिहायचा होता, पण जो तो आत जरा जास्तच वेळ घेत होता. ओवी तर बाहेर आली ती नाक ओढतच.

हमीदभाई चिठ्ठ्या उघडू लागले. "नाशिक. नाशिक. मुक्काम. नाशिक." पाचवी वाचायला त्यांनी थोडा वेळ लावला. "नाशिक. खलास."

चार विरुद्ध एक. पंतप्रधान प्रचंड बहुमतानं पुन्हा निवडून आले होते.

"जनतेचा कौल मान्य," राजाभाऊ मोठ्यानं म्हणाले. "काढ रे धवल, तिकीट काढ."

धवलनं मोबाइल उचलला. नयनानं रडणाऱ्या ओवीला जवळ ओढलं. "नको गं रडू. एकटीच होतीस, तरी आजोबा राहावेत म्हणून मत दिलंस ना तू?"

"ते मत माझं नाहीये," ओवी हुंदका देत म्हणाली. "मी नाशिक लिहिलं. आजोबा इज सो लोनली हिअर."

नयना वळली. "मग धवल, तू?"

"नाशिक. मला वाटलं, तू मुक्काम लिहिशील."

"मीही नाशिकच लिहिलं."

तिघांनी हमीदभाईंकडे पाहिलं. कॅरमचा जोडीदार जाऊ नये असं त्यांनाच वाटलं असणार.

हमीदभाईंनी मान हलवली. "माझी बायकामुलं रत्नागिरीला. घराची आठवण काय असते ते मला विचारा. मीही नाशिकच लिहिलं."

आता चौघंही विजयी उमेदवाराकडे बघू लागले.

"गुप्त मतदान असतं ते," राजाभाऊ म्हणाले. "असं विचारायचं नसतं कुणाला."