दोन राहू देत

विनार्ती, माझी सून, दोन वर्षांसाठी हाँगकाँगला घरकामाला निघाली त्या सकाळीही मी तिला विकायला पाळलेल्या उंदरांच्या खोक्यांपाशी बसवलंच. साप पाळणाऱ्यांना सापांच्या खाण्यासाठी काल जन्मलेली, अंगावर केस नसलेली पिल्लं लागतात. आणि आमच्या या बाईनं एका खोक्यातली सगळी एका ओंजळीत उचलली.

"अगं, सगळी काय घेतेस! तीन वर्षं झाली, अजून शिकवायचं का? दोन राहू देत. सगळी नेली की उंदरीण खाणं टाकते, वेड्यासारखी खोका कुरतडते. दोन अंगाशी असली की गप पडते."

तिनं दोन परत ठेवली. उंदरीण त्यांच्यावर पसरली.

बाहेर एजंटची गाडी वाजली. विनार्ती उठली. पोलकं छातीशी दुधानं भिजलं होतं. निघताना रडारड नको म्हणून तिच्या आठ महिन्यांच्या पोरीला मी पहाटेच माझ्या बहिणीकडे पोचवलं होतं.

"हां हां म्हणता जातील दोन वर्षं," मी म्हटलं. "विटांचं घर होईल."

चपला घालता घालता ती म्हणाली, "उंदरिणीला दोन ठेवायला लावलीत, आई. माझी तर एकच होती."