गुणवंताची पाठ

पांढुर्णा ते सौसर सायकल शर्यतीत शालिकला दरसाल एकच देखावा दिसायचा, पुढं चाललेल्या गुणवंताची पाठ.

इंग्रज गेला त्याच्या पुढच्या साली शर्यतीतली पोरं अडून बसली. "पायडल आम्ही मारून राहिलो अन् कायदे तुम्ही करून राहिले. आमचा एक माणूस कमिटीत घ्या, नाही तं शर्यत नाही!"

कमिटीचे प्रमुख, मालगुजार पुंडलिकराव जन्मात सायकलवर बसले नव्हते. ते कबूल झाले, पण अट घालून. जो कमिटीत बसेल त्यानं शर्यतीत उतरायचं नाही.

"मंग गुणवंताच पाहिजे!" सगळ्यात आधी शालिक बोलला. बाकीच्यांचेही हात भराभर वर गेले. गुणवंताचे डोळे भरून आले.

त्या साली शालिक पहिला आला. गळ्यातल्या हारासकट तो बापासमोर जाऊन उभा राहिला. बापानं कप उलटसुलट करून पाहिला. "बरं झालं पोरा, औंदा गुणवंता नव्हता."

शालिक तसाच गुणवंताच्या दारात गेला. "कमिटी सोड. पुढच्या साली उतर माह्यासंगं."

"आता कुठं गा?" गुणवंता हसला. "तुम्ही साऱ्यांनी इतक्या जीवानं निवडून देलं, मंग शर्यतीत मन कशाले ठेवू? सायकल इकून टाकली मी. बस, चहा ठेवाले सांगतो."

तो आत वळला. शालिकसमोर पुन्हा तीच पाठ होती, अन् आता तिला मागं टाकायची सोय उरली नव्हती.