पक्कं काम

परवाना नाही म्हणून पूर्व जेरुसलेममधलं आणखी एक घर आज पाडायचं होतं. परवाना मागून आमच्या अरब वस्तीत कुणाला मिळतो, ते विचारू नका. पालिकेचा बुलडोझर आला की त्याचंही बिल घरमालकाच्याच माथी, म्हणून लोक आधीच आपलं घर आपणच पाडायला माझ्यासारख्याला काँक्रीट फोडायचा ब्रेकर घेऊन बोलावतात.

जोडीला वाएल नावाचा एक अबोल गडी होता. तोही माझ्यासारखाच मजुरीवर आलेला असेल, असं मी धरून चाललो. घरातलं सामान अंजिराखाली रचलेलं होतं आणि गाद्यांच्या ढिगाशेजारी एक म्हातारी बसली होती. दुपार झाली तरी गच्चीचा स्लॅब काही दाद देईना.

"कुठल्या शहाण्यानं एवढी सळई घातलीय रे, भावा?" मी वैतागलो. "घर बांधत होता की किल्ला?"

म्हातारी वेलचीची कॉफी घेऊन आली. आधी मला दिली, मग वाएलच्या केसांतली धूळ हातानं झटकली.



"सळई मीच घातली," सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला. "आमची पोरं गच्चीवर उड्या मारतील ना, भीती वाटायची."