बिनपगारी कामासाठी सफारी

"पांढरा नको," रत्नप्रभा म्हणाली, आणि दत्तारामने डोक्यातून अर्धा घातलेला सदरा पुन्हा वर ओढून काढला.

त्याच्या मते पांढराच शोभला असता. घाटकोपरचं ते मंडळ बेवारस प्रेतांना अग्नी देण्याचं काम करायचं. स्वयंसेवक हवे होते. पगार नव्हता, मुलाखत मात्र होती. फुकट राबणारा माणूसही पारखून घेण्याइतकी मुंबईची प्रगती झाली होती.

"अगं, स्मशानातलं काम आहे."

"काम पुढचं. आधी घेऊ तर देत. मुलुंडला पांढरं घालूनच गेला होतात ना?"

मुलुंडच्या मंडळाने त्याला चहा पाजून 'कळवतो' म्हणून सांगितलं होतं. त्याला चार महिने झाले. आता हे दुसरं मंडळ, आणि तिसरं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

शेजारचा चंद्रप्रकाश एरवी टोमणा मारल्याशिवाय काड्यापेटी द्यायचा नाही. आज त्याने लग्नकार्यातला बदामी सफारी खुंटीवरून काढून दिला आणि वर बाह्याही झटकून दिल्या.

"खांदे पाडू नका," रत्नप्रभा कॉलर सारखी करत म्हणाली. "गिरणी बंद, वेळ जात नाही, म्हणून आलो म्हणायचं. हसून."

दवाखान्याच्या माडीवर मंडळाची खोली होती. चिटणीस अनंतरावांनी चष्म्यावरून सफारीकडे पाहिलं.

"लग्नाला निघालात?"

"नाही, इथेच आलो."

"पगार नाही, ठाऊक आहे ना?"

"गिरणीत होतो. संप होऊन दोन वर्षं झाली. बिनपगारी कामाचा नाही, पण बिनपगारी राहण्याचा अनुभव आहे."

अनंतराव पहिल्यांदा हसले. दत्तारामही ठरल्याप्रमाणे हसला.

"परवा एक जण आला होता," अनंतराव म्हणाले. "पांढरा लेंगा, पांढरा सदरा, चेहरा हा एवढा पडलेला. त्याला परत पाठवला. स्वतःचं दुःख घेऊन येणारा माणूस आम्हाला परवडत नाही. तो तिरडी मध्येच खाली ठेवतो." त्यांनी वही उघडली. "घरी कोण कोण?"

"मी आणि बायको."

"मूलबाळ?"

"नाही."

"बरं आहे. रिकामा माणूस लागतो." त्यांनी नाव लिहून घेतलं. "मंगळवार आणि शुक्रवार. पोलिसांचा कागद आला की शवागारातून ताबा घ्यायचा आणि थेट स्मशान. आणि हा सफारी घालून येऊ नका."

दत्तारामने मान डोलावली. जिना उतरून तो तडक घराकडे निघाला.

रत्नप्रभा दारातच उभी होती.

"घेतलं," तो म्हणाला.

"काय काय विचारलं?"

"मूलबाळ विचारलं."

"मग?"

"नाही म्हटलं."

तिने त्याला आत घेऊन दार लोटलं. मग त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देत, शेजारी ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "दोन वर्षांत पोराची दाढी वाढली असेल, चेहऱ्यावर जाऊ नका. आपल्या माणिकच्या डाव्या कानामागे टाक्यांची खूण आहे."