तांब्याच्या पत्र्यांमधला ससा

यंत्र थांबून बराच वेळ झाला तरी सशाचा ताप उतरत नव्हता. हॅरिएट व्हॉसबर्गने थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. एकशे सहा.

रेडिओलहरी सोडणाऱ्या मनोऱ्याजवळ काम करणाऱ्या माणसांना विनाकारण ताप चढतो, म्हणून रेडिओच्या कारखान्याने हे यंत्र हडसन नदीकाठच्या या प्रयोगशाळेत पाठवलं होतं. तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये ससा ठेवायचा, लहरी सोडायच्या, अंग किती तापतं ते बघायचं. यंत्र थांबलं की ससा निवायचा. या आठवड्यात मात्र काहीतरी बिनसलं होतं. शिकाऱ्याकडून आणलेले नवे ससे तापलेलेच राहत होते. त्यातला एक तर सकाळी पिंजऱ्यात ताठ झालेला सापडला.

"लहरी अंगात मुरतात की काय?" तिने विचारलं.

"मुरायला ते काय लोणचं आहे, बाई?" यंत्र सांभाळणारा ऑरिन म्हणाला. पण त्याने मान वर केली नाही.

तिलाही कालपासून हुडहुडी भरत होती. नव्या सशाने बोटावर काढलेला ओरखडा चिघळला होता, काखेत गाठ ठणकत होती. यंत्राची घरघर सुरू झाली की ती लांब भिंतीपाशी सरकायची.

प्रोफेसर स्ट्रिकर यांना तिने प्रयोग थांबवायची विनंती केली. ते म्हणाले, "भीती वाटत असेल तर घरी बसा. हा ससा उद्या पुन्हा पत्र्यांमध्ये जाणार."

हॅरिएटने तो कोटाखाली लपवून घरी नेला.

बहिणीची चिमुरडी विनी हरखली. तिने त्याला आपल्या शालीत गुंडाळलं, नाकाचा मुका घेतला. "मावशी, केवढा गरम आहे गं हा."

"होईल बरा. त्या यंत्रापासून लांब आलाय ना आता." कितीतरी दिवसांनी हॅरिएटला जरा सुटल्यासारखं वाटलं. रात्री विनी त्याला कुशीत घेऊन झोपली, तेव्हा तिने अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑरिन दारात उभा राहिला. टोपी हातात, चेहरा पडलेला.

"ससा न्यायला आलायस का?" तिने दार अर्धवट लोटलं. "मी देणार नाही."

"नाही हो. राहू दे तुमच्याकडेच. तुम्ही लहरींच्या धास्तीने आजारी पडलात असं ऐकलं, मग राहवेना." तो घुटमळला. "प्रोफेसरांना सांगू नका, माझी नोकरी जाईल. पण उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका. यंत्रातली लहरी सोडणारी मोठी नळी नवे ससे यायच्या आधीच जळलीय. मी नुसती घरघर चालू ठेवली होती. त्या सशांना एकही लहर लागलेली नाही."

हॅरिएटचा हात काखेतल्या गाठीवर गेला; आत विनी तापलेल्या सशाच्या नाकाचा मुका घेत होती.